विसरणारा ब्राउझर

माझ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, हे मी टाइपरायटर होता तेव्हापासून सांगत आलेय. ज्याच्या कानात शिरलं नाही त्याच्या बोटांवर पट्टी मारलीय. हर्सूलला मी कितीतरी वर्षं मराठी टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत माझ्या हातचे क्लार्क बसलेत. तनुजाबाईंच्या क्लासात चूक खोडायची सोय नव्हती. कागद काढा, नवा लावा, पहिल्यापासून सुरू करा. लोक म्हणतात बाई लई तिखट आहे. आहे तर आहे. कुणाच्या घरचं खाऊन तिखट नाही झाले.

आता हा ब्राउझर. क्लास बंद पडला, मशिनी भंगारात गेल्या आणि घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा इंटरनेट कशातून उघडायचं हे मी साडी घेताना बघते तसं बघितलं. चार-पाच ब्राउझर उलगडून बघितले. एक उघडला की आधी बातम्या, कुठल्या नटीनं काय घातलं. मी विचारलं होतं का? दुसरा सारखा मागं लागायचा, पासवर्ड लक्षात ठेवू का, पत्ता लक्षात ठेवू का, तुम्ही आत्ता कुठं आहात ते सांगता का. अरे, तू माझा सासरा लागून गेलास का? तिसऱ्यात एकदा गुडघेदुखीवर काही शोधलं, तर महिनाभर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती. मग मला माझा सापडला. त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. उघडला की कोरा कागद. अक्षरं मोठी करून घेतली, जोडाक्षरं नीट दिसतात, आणि मुख्य म्हणजे बंद केला की सगळं विसरतो. नाव, पत्ता, काल काय बघितलं, काही म्हणजे काही ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी उघडा, तो तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. लोक हसतात. म्हणतात, बाई, रोज रोज तेच टाइप करायचा कंटाळा नाही येत? नाही येत. माझ्या बोटांचं काय लोणचं घालायचंय?

आमची सोसायटी हर्सूलच्या पुढं, सावंगीच्या अंगाला. नाव 'लेक व्ह्यू', कारण गच्चीवरून हर्सूलचा तलाव दिसतो. त्या उन्हाळ्यात गच्चीवरून तलावात क्रिकेट खेळणारी पोरं दिसत होती. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं, बोअरमधून नुसती हवा, आणि महापालिकेची पाइपलाइन आमच्या कोपऱ्यापर्यंत येऊन तिथंच थबकलेली. शहराचं वाढणं मात्र थांबलं नव्हतं. चिकलठाण्याच्या पुढं, सावंगीच्या पुढं, जिकडं बघावं तिकडं बोर्ड, 'बुकिंग सुरू'. पाणी कुठून आणणार हे एकाही बोर्डावर लिहिलेलं नव्हतं.

आम्ही जगत होतो टँकरवर. टँकरवाल्यानं वेबसाइट काढली होती. सोसायटीचे पैसे त्याच्याकडं आधीच जमा असायचे. सकाळी सहाला साइट उघडायची, सोसायटीचा पासवर्ड टाकायचा, मग गाडी कुठं पाठवायची तो पत्ता आणि ड्रायव्हरनं कुणाला फोन करायचा तो मोबाइल नंबर, असं रोज नव्यानं भरायचं. गाडी दारात आली की त्या मोबाइलवर एक कोड यायचा. तो ड्रायव्हरला सांगितला की मग पाइप सुटायचा. सहाला साइट उघडायची आणि बघता बघता दिवसभराच्या सगळ्या गाड्या संपायच्या. आमच्या बिल्डिंगीत इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत, पण त्या वेळात पत्ता टाइप करून बटण दाबणारी एकटी मी. मी चहाचं आधण ठेवायची, मशीनवर बसायची, आणि आधण उकळायच्या आत गाडी लावून उठायची.

एप्रिलमध्ये माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस स्क्रीनकडं बघायचं नाही आणि डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. म्हटलं, डॉक्टर, पाण्याची काळजी सोडा, ते आमच्याकडं येतच नाही.

तर गाडी लावायचं काम गेलं यांच्याकडं. हे म्हणजे आमचे बद्रीनाथराव. मूळ कन्नड तालुक्यातले, शेती भावाकडं, हे चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून रिटायर झाले. स्वभाव इतका मऊ की रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर त्यालाही 'जरा सरकता का' म्हणतील. पहिल्या दिवशी मी काळा चष्मा लावून पलंगावर आणि हे माझ्या मशीनवर. मी पत्ता सांगतेय, हे एका बोटानं अक्षरं हुडकतायत.

"तनुजा, ह कुठंय?"

"समोर आहे. डोळे उघडा."

"तुझे मिटलेत म्हणून माझ्यावर कशाला चिडतीस?"

हर्सूलचा रफार सापडेपर्यंत गाड्या संपल्या. त्या दिवशी सगळी बिल्डिंग कोरडी राहिली.

संध्याकाळी ऋतुराज मला बघायला आला, शहाळी घेऊन. ऋतुराज म्हणजे यांच्या मोठ्या बहिणीचा, चंपाआक्कांचा मुलगा. यांचा भाचा. आमच्याकडं भाचा म्हणजे काय चीज असते, ते या घरात सून म्हणून आल्याशिवाय कळायचं नाही. भाच्याला जेवू घातलं की पुण्य, कापड केलं की पुण्य. लग्नाच्या पंगतीत भाच्याचं ताट आधी वाढायचं. मामानं भाच्याला नाही म्हटलेलं मी या घरात कधी ऐकलं नाही. लहानपणी यांचा रेडिओ त्यानं खोलून टाकला, तरी हे म्हणाले, पोराचं डोकं चालतंय. आता तो डोकेवाला पोरगा दोन भागीदार घेऊन चिकलठाण्याच्या पुढं रो-हाउस बांधत होता. स्वतःला बिल्डर म्हणवायचा.

गाडीची गोष्ट ऐकून तो हसायला लागला. "मामी, अहो आजच्या जमान्यात पत्ता कोण टाइप करतं? थांबा, मी करून देतो."

"माझ्या मशीनला हात लावू नको."

"हा कुठला ब्राउझर? हे अजून कुणी वापरतं?"

"मी वापरते."

"याला तर काहीच लक्षात राहत नाही!"

"म्हणूनच वापरते."

हे म्हणाले, "अगं, असू दे ना. भाचा आहे. तुझ्या भल्याचंच करतोय."

मी पलंगावर, डोळ्यावर काळा चष्मा. उठायला गेले तर हे म्हणाले, वाकू नको, टाके तुटतील. टाकेबिके काही नव्हते, पण तेवढ्यात त्यानं उरकलं. स्वतःचा लाडका ब्राउझर टाकला, त्यात स्वतःच्या खात्यानं लॉगिन केलं आणि यांना शिकवलं. "मामा, मीपण बांधकामाच्या साइटला पाणी याच टँकरवाल्याकडून घेतो. माझं सगळं याच्यात सेव्ह आहे. तुम्ही सोसायटीचा पासवर्ड टाका, मग हे वर माझं नाव येतं ते दाबा, खाली पत्ता, नंबर, सगळं आपोआप भरतं. तुमचा पत्ता मी रात्री घरून त्याच्यात घालून ठेवतो." जाता जाता वर म्हणाला, "मामी, तो जुना काढून टाकला बरं का. उगाच जागा अडवत होता."

काढून टाकला. माझ्या घरात बसून, माझं शहाळं फोडून, माझा ब्राउझर काढून टाकला! आणि हे त्याला खालपर्यंत सोडायला गेले. मी त्या रात्री जेवले नाही. हे म्हणाले, एका ब्राउझरपायी उपास करतीस का? मी म्हटलं, ब्राउझरपायी नाही, तुमच्या 'असू दे'पायी करतेय.

सकाळी सहाला यांनी ते वरचं नाव दाबलं आणि गाडी लागली. मला येऊन सांगितलं, बघ, झालं का नाही चुटकीसरशी! मग दहा वाजले, बारा वाजले, गाडी काही आली नाही. टँकरवाल्याच्या ऑफिसला फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, गाडी पोचली, कोड मिळाला, पाणी उतरलं.

"कुठं उतरलं?" मी यांच्या हातातून फोन घेऊन विचारलं.

"तुमच्याच पत्त्यावर, मॅडम," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गाडी लागते, कोड मिळतो, पाणी कुठं जातं कुणालाच ठाऊक नाही. बिल्डिंगीत लोकांनी भांडी घासायचं सोडलं, कागदी पत्रावळ्या आणल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी बाळाचे लंगोट नातेवाइकांकडं धुवायला पाठवले. मी यांना विचारलं, पत्ता बरोबर पडतोय ना? हे म्हणाले, "व्हय, व्हय," आणि कॅन उचलून बाहेर गेले.

कॅनचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या मजल्यावर दगडाबाई राहतात. एकट्या, गुडघे गेलेले, मुलगा परगावी. हे रोज कोपऱ्यावरच्या मंदिराच्या बोअरवरून दोन कॅन भरायचे आणि तीन जिने चढून त्यांच्या माठात ओतून यायचे. या वयात, त्या उन्हात. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला असायचा. दगडाबाई म्हणायच्या, बद्रीनाथराव, तुम्ही देवमाणूस. आणि मी, मूर्ख बाई, पलंगावर पडून म्हणायची की माझ्या नवऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे बघावं.

कारण नावं ठेवायला सुरुवात झाली होती. एका संध्याकाळी सेक्रेटरी पुंडलिकरावांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. मी गॅलरीत उभी राहून ऐकत होते. पुंडलिकराव म्हणाले, "बद्रीनाथराव, कोड कुणीतरी देतंय. आपोआप काही पाइप सुटत नाही. गाडी तुम्ही लावता. आता तुम्हीच सांगा, आमचं पाणी कुणाला विकता?"

हे खाली मान घालून उभे होते.

माझं टाळकं सणकलं. वरूनच ओरडले, "पुंडलिकराव, जीभ सांभाळा! या माणसानं सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढली आणि कंपनीचा एक नट कधी खिशात घालून घरी आणला नाही. त्याला चोर म्हणता? चाड आहे का काही?"

"मग पाणी जातं कुठं, ताई?"

"मी शोधून दाखवते!"

हे वर आले. मी म्हटलं, तुमचं नाव मी स्वच्छ करून दाखवते, बघाच तुम्ही. हे अंग चोरून बसले आणि म्हणाले, "राहू दे, तनुजा. तुझा डोळा खराब होईल. लोक बोलतात आन् विसरतात." मला वाटलं, बिचारा माणूस माझ्या डोळ्याची काळजी करतोय. असा राग आला त्या पुंडलिकाचा!

हे खाली दूध आणायला गेले तसा मी चष्मा काढला आणि मशीनवर बसले. डोळ्यातून धार लागली. ऋतुराजचा तो चकचकीत ब्राउझर उघडला, टँकरवाल्याच्या पानावर गेले, आणि यांना शिकवलं होतं तसं ते वरचं नाव दाबलं. खाली सगळं झर्रकन भरलं. मग मी पान खाली सरकवलं. टायपिंगवाली बाई, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय कागद काढत नाही. पत्ता होता चिकलठाण्याच्या पुढचा, गट नंबर अमुक, ऋतुराजची रो-हाउसची साइट. मोबाइल नंबर ऋतुराजचा. रात्री घरून आमचा पत्ता घालून ठेवणार होता तो. कसला घालतोय!

म्हणजे गाडी रोज त्याच्या साइटवर जात होती. ड्रायव्हर फोन त्याला करत होता, कोड त्याच्या मोबाइलवर येत होता, आणि तो सांगत होता. एक दिवस चूक होईल. रोज कशी होईल?

यांना काही बोलले नाही. भाच्याचं नाव काढलं की हे विरघळणार, हे मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यात औषध घालायला डॉक्टरकडं जाते म्हणून सांगितलं, रिक्षा केली आणि थेट चिकलठाणा गाठलं. विमानतळ मागं टाकला, कंपन्या मागं टाकल्या, पुढं नुसतं उघडं रान आणि त्याच्यात लोखंडी सळया आकाशाकडं तोंड करून उभ्या. ऋतुराज खुर्ची टाकून बसला होता. मी त्याच्याकडं बघितलंच नाही, शिडीवरून सरळ वर गेले. नवा स्लॅब होता. त्याच्यावर सिमेंटचे बांध घालून भाताच्या वाफ्यासारखे वाफे केलेले आणि त्यांत काठोकाठ पाणी. चिमण्या अंघोळ करत होत्या. आमच्या बिल्डिंगीत माणसं ओल्या फडक्यानं अंग पुसत होती आणि इथं चिमण्या अंघोळ करत होत्या!

"मामी, अहो पडाल! डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं!" तो धावत वर आला.

"हे कुणाचं पाणी आहे?"

"मामी, खाली चला, चहा सांगतो."

"ऋतुराज, मी तुझ्या आईसमोर तुझे कान उपटलेत, आठवतं ना? हे कुणाचं पाणी आहे?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मामी, पहिल्या दिवशी खरंच चुकून झालं. पत्ता बदलायचा राहून गेला. गाडी आली तसा मी लगेच मामांना फोन केला. म्हटलं, मामा, तुमची गाडी इकडं आली, स्लॅब कालच ओतलाय, मुरवायला पाणी नाही, तडे जातील, काय करू? मामा म्हणाले, उतरवून घे. मी म्हटलं, पत्ता बदलून देतो, तर म्हणाले, स्लॅब होऊ दे, मग बदल. देवाशप्पथ मामी, विचारा त्यांना."

मी खाली उतरले. चहा तिथंच राहिला. रिक्षात बसले आणि हर्सूलपर्यंत डोळा पुसत आले. रिक्षावाल्यानं विचारलं, आई, ऊन लागलं का? व्हय म्हटलं.

हे घरात नव्हते. मंदिरावर गेले होते, कॅन भरायला. म्हणजे रोज सकाळी सहाला माणूस सगळ्या बिल्डिंगीचं पाणी चिकलठाण्याला धाडत होता आणि दहा वाजता दोन कॅन दगडाबाईंच्या माठात ओतून 'देवमाणूस' ऐकून येत होता. आणि मी चारचौघांत गॅलरीतून ओरडले होते, नट खिशात घातला नाही म्हणून!

हे आले, कॅन दारात ठेवले. माझं तोंड बघून त्यांना कळलं.

"साइटवर गेली होतीस?"

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पोराचा पहिला स्लॅब होता, तनुजा. कर्ज काढून उभं केलंय त्यानं. नाय कसं म्हणू? आक्काचा एकुलता एक आहे."

"आणि खालचं तान्हं? ते कुणाचं एकुलतं नाही का?"

"सगळं भरून देणार होतो. सोसायटीचे पैसे मी माझ्या पेन्शनीतून..."

"पैसे माठात ओतून प्यायचे का लोकांनी?"

हे मवाळ आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापासून पत्ता बदलतो. तुझा तो ब्राउझर कसा, बंद केला की सगळं विसरून जातो. तसं विसर ना."

माझ्या आयुष्यात मला इतका संताप आला नव्हता. म्हटलं, "तो विसरतो कारण मी विसरत नाही. मला पत्ता पाठ आहे, नंबर पाठ आहे, कुठल्या मजल्यावर कोण तहानलेलं आहे तेही पाठ आहे. म्हणून मला लक्षात ठेवणारं यंत्र लागत नाही. तुम्ही त्या पोराच्या यंत्राला सगळं लक्षात ठेवायला दिलंत, आणि स्वतः आंधळे झालात. डोळ्याचं ऑपरेशन माझं झालंय का तुमचं?"

हे खुर्चीत बसले. मी म्हटलं, "संध्याकाळी खाली जायचं आणि सगळ्यांना सांगायचं. मी ताठ मानेनं तुमची बाजू घेतलीय. माझ्या तोंडाला काळं नका फासू."

"सांगतो," हे म्हणाले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. दगडाबाईसुद्धा कठड्याला धरून धरून खाली आल्या होत्या. हे तोंड उघडणार तेवढ्यात पुंडलिकराव पुढं आले आणि त्यांनी हात जोडले. "बद्रीनाथराव, आधी माझं ऐका. मी आज टँकरवाल्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. गाड्या चिकलठाण्याला जात होत्या, कुणा ऋतुराज नावाच्या बिल्डरकडं. तिथले म्हणाले, तुमच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्याचाच पत्ता धरून ठेवला होता. कॉम्प्युटरची चूक निघाली. मी तुम्हाला नको ते बोललो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो."

ऋतुराज यांचा कोण, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. दगडाबाई म्हणाल्या, "मी सांगतच होते की, हा माणूस तसला नाही!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी यांच्याकडं बघितलं. यांनी माझ्याकडं बघितलं. आता फक्त बोला, मी मनात म्हणत होते, बोला हो, एकदा तरी. यांचे ओठ हलले. मग यांनीही हात जोडले आणि म्हणाले, "असू द्या. होतं असं."

पुन्हा ते 'असू द्या'!

"माफी परत घ्या, पुंडलिकराव," मी म्हटलं. माझा आवाज क्लासात असायचा तसा निघाला असणार, कारण टाळ्या एकदम थांबल्या. "ऋतुराज यांचा सख्खा भाचा आहे. पहिली गाडी चुकून गेली. पुढची एकही चुकून गेली नाही. यांना माहीत होतं. यांनी रोज सकाळी माहीत असून बटण दाबलं."

तान्ह्या बाळाची आई यांच्याकडं बघत राहिली. पुंडलिकरावांचे जोडलेले हात तसेच राहिले होते, ते त्यांनी हळूच खाली घेतले.

"व्हय," हे म्हणाले. "खरं आहे. मला माहीत होतं."

दगडाबाई यांच्यापाशी आल्या. म्हातारीनं आवाज चढवला नाही. "मग मला ते दोन कॅन कशाचे देत होता, बाबा?" एवढंच विचारलं आणि कठड्याला धरून जिना चढायला लागल्या. हे त्यांना हात द्यायला पुढं झाले. त्यांनी हात बाजूला सारला.

ऋतुराजला सोसायटीनं बोलावून जाब विचारला, त्यानं पुढचे आठ-दहा दिवस स्वतःच्या गाड्या इकडं पाठवल्या. चंपाआक्कांचा फोन आला, भाच्याला आणि नवऱ्याला चव्हाट्यावर आणलंस, तुला काय मिळालं? मी म्हटलं, आक्का, पाणी मिळालं. त्यांनी फोन आपटला, अजून बोलत नाहीत. नका बोलू.

हे घराबाहेर पडायचे बंद झाले. दूध आणायला मीच जायची. माझा राग गेला असं कुणी समजू नका. एका घरात राहून आम्ही मीठ-साखरेपुरतं बोलत होतो. डॉक्टर डोळ्यावरून मला जे काही बोलायचं ते बोलले, मी ऐकून घेतलं. मग एका सकाळी तो चकचकीत पाहुणा मशीनमधून हाकलला आणि माझा ब्राउझर परत आणला. उघडला. कोरा कागद. मला ओळखलं नाही त्यानं. बरं वाटलं.

सहाला बसले. पासवर्ड टाकला, पत्ता टाकला, हर्सूल रफारासकट. मोबाइल नंबरच्या चौकटीपाशी आले आणि पाठीमागं हे येऊन उभे राहिले.

"नंबर माझा टाक," हे म्हणाले.

"कशाला?"

"ड्रायव्हरचा फोन मला येऊ दे. कोड मी खाली गेटवर उभा राहून देतो. सगळ्यांच्या देखत. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे."

मी वळून बघितलं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली, पण चपला पायात होत्या. तो नंबर मला इतक्या वर्षांचा तोंडपाठ आहे. झोपेत विचारला तरी सांगेन. तरी मी बोटं कळांवर ठेवली आणि क्लासात बसते तशी ताठ बसले.

"सांगा," मी म्हटलं.

यांनी एकेक आकडा सांगितला, मी एकेक टाकला. गाडी लागली. ती आली तेव्हा हे उन्हात गेटवर एकटे उभे होते. येणारे-जाणारे बाजूनं निघून गेले. यांनी कोड मोठ्यानं सांगितला. मी गॅलरीतून ऐकला.

रात्री मी ब्राउझर बंद केला, तो सगळं विसरला. दुसऱ्या दिवशी सहाला नंबरची चौकट पुन्हा रिकामी होती. हे पुन्हा येऊन मागं उभे राहिले, चपला घालून.

"सांगा," मी म्हटलं.